खून आणि सदोष मनुष्यवध : कायद्यातील फरक

बांधावरून भांडण झाले, काठी उगारली गेली आणि एक जण गेला, अशी बातमी आली की गावच्या पारावर लगेच निकाल लागतो, "तीनशे दोन लागला, आता फाशीच!" आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारे, वकील नव्हे. परंतु केसच्या खर्चासाठी ठेव मोडायला आलेली माणसे आम्ही पाहतो. आपल्या माणसावर कोणते कलम लागले आणि त्याचा अर्थ काय, हे त्यांना ठाऊक नसते. म्हणून हा लेखनप्रपंच.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम २९९ सदोष मनुष्यवधाचे, तर कलम ३०० खुनाचे होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली; तिच्यात ही कलमे १०० व १०१ आहेत. क्रमांक बदलले, तत्त्व तेच राहिले. प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतो, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध हा खून नसतो.

खुनाच्या कलमाला पाच अपवाद आहेत. गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाने मनावरचा ताबा सुटणे, हा पहिला. सद्भावनेने स्वसंरक्षण करताना मर्यादा ओलांडली जाणे, हा दुसरा. लोकसेवकाने सद्भावनेने कर्तव्य बजावताना अधिकाराची मर्यादा ओलांडणे, हा तिसरा. पूर्वनियोजन नसताना अचानक जुंपलेली मारामारी हा चौथा. मात्र तीत क्रूरपणा केलेला किंवा गैरफायदा घेतलेला नसावा. येथे आधी कुरापत कोणी काढली, याला महत्त्व नाही. अठरा वर्षांवरील व्यक्तीची स्वतःची संमती, हा पाचवा. अपवाद सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते.

पहिल्या अपवादाचे गाजलेले उदाहरण मुंबईचे आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर कावस नानावटी यांना पत्नीने प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. नानावटींनी पत्नी व मुलांना सिनेमागृहात सोडले, जहाजावर जाऊन खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर घेतले, आधी आहुजाचे कार्यालय व मग घर गाठले. तेथे गोळ्या लागून आहुजा मरण पावला. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना ते पटले नाही; त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तेथे खुनाबद्दल जन्मठेप झाली व २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. घर सोडल्यापासून गोळी झाडेपर्यंत जवळजवळ तीन तास गेले होते. एवढ्या अवधीत मन ताब्यात यायला हवे होते, असे न्यायालय म्हणाले. शब्द व हावभाव यांनीही प्रक्षोभ होऊ शकतो, हे मात्र न्यायालयाने मान्य केले. पुढे १९६४ मध्ये नानावटींना राज्यपालांकडून माफी मिळाली. परंतु कायद्याचा दंडक तोच राहिला.

म्हणजे शिवी ऐकून जागीच हात उठला, तर न्यायालय प्रक्षोभाचा विचार करील. घरी जाऊन, कुऱ्हाडीला धार लावून, संध्याकाळी वाट अडवली, तर तो अपवाद उरत नाही. स्वतःच ओढवून घेतलेला प्रक्षोभही चालत नाही.

शिक्षेतील अंतर मोठे आहे. खुनाला फाशी किंवा जन्मठेप. सदोष मनुष्यवधाला, जिवे मारण्याचा हेतू असल्यास जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षे, केवळ जाणीव असल्यास दहा वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड.

ही बाजू आरोपीची झाली. ज्याचे माणूस गेले, त्यानेही हे समजून घ्यावे. "अचानक भांडण झाले" एवढे म्हटल्याने खुनाचे कलम आपोआप खाली येत नाही. आधी धमकी दिली होती का, हत्यार कोठून आणले, मधे किती वेळ गेला, हे फिर्यादीत व जबाबात स्पष्ट यावे लागते. मयत अनुसूचित जातीचा असल्याचे आरोपीला माहीत असेल, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली सदोष मनुष्यवधालाही जन्मठेप होऊ शकते. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध बांधवांनाही हे संरक्षण आहे.

बंधू-भगिनींनो, वकिलाची ऐपत नसेल तर बीडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, स्त्रियांना व कोठडीतील आरोपींना तेथे मोफत वकील मिळतो. ठेव मोडण्यापूर्वी एवढी चौकशी अवश्य करावी. आणि त्याहून आधी, बांधावर राग आलाच तर क्षणभर थांबावे. दोन्ही घरे वाचतील.