मालमोटारीचा कर व आपला व्यापार

छत्रीबाग परिसरातून महाराष्ट्राकडे धान्य रवाना करताना पोती, वजन व भाडे यांचा चोख हिशेब आपण ठेवतो. मालमोटारीचा कर भरला आहे की नाही, हे मात्र क्वचितच विचारतो. तो कर वाहनमालकाने भरावयाचा, हे खरे. परंतु मध्यप्रदेशच्या १९९१ च्या मोटारयान करविषयक कायद्यान्वये कर थकलेले वाहन अडकवून ठेवता येते, आणि मग खोळंबते ते व्यापाऱ्याचे धान्य.

१ जुलै २०२४ पासून राज्यातील परिवहन नाकी बंद झाली. सीमेजवळील सेंधव्याचा नाका गेला म्हणून कर गेला, असे कोणी समजू नये. रस्त्यावरील तपासणी चालूच आहे. राष्ट्रीय परवान्याचे वार्षिक १६,५०० रुपयांचे एकत्रित शुल्क परराज्यांपुरते असते. त्याने स्वतःच्या राज्याचा कर फिटत नाही. पथकर आणखी निराळा : फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे.

तस्मात् माल भरण्यापूर्वी कराची पावती, परवाना, योग्यता-प्रमाणपत्र व विमा यांच्या मुदती पाहून वहीत नोंदवाव्यात. एवढ्या चौकशीने गिऱ्हाइकास दिलेला वायदा पाळला जातो, आणि पेढीची पत त्यावरच उभी असते.