कुटुंबव्हिसाची फीमाफी : ब्रिटनचा नियम

ब्रिटनमधील जोडीदाराकडे किंवा आई-वडिलांकडे राहायला जाण्यासाठी परदेशातून अर्ज करणाऱ्यास व्हिसाच्या फीबरोबरच आरोग्य अधिभार, म्हणजे तेथील सरकारी वैद्यकीय सेवेपोटी आगाऊ घेतली जाणारी रक्कम (2024 पासून प्रौढांना वर्षाला 1,035 पौंड), भरावा लागत असला, तरी युरोपीय मानवी हक्क कराराच्या आठव्या कलमातील कौटुंबिक जीवनाच्या हक्कावर अर्ज आधारलेला असल्यास फीमाफी मागता येते. निव्वळ गरिबीचे गाऱ्हाणे पुरत नाही. अर्जदाराबरोबरच प्रायोजकाची, म्हणजे ब्रिटनमधील नातलगाची, बँकखाती, घरभाडे व बचत तपासली जाते, आणि खात्यातील मोठ्या रकमेचा खुलासा नसेल तर मागणी सहसा फेटाळली जाते. माफीचा निर्णय व्हिसाच्या मूळ अर्जाआधी मिळवावा लागतो, आणि माफी मिळाली म्हणून व्हिसा मिळतोच असे नाही.