उजेड अडवणारा आकडा

मालवणात मृग लागला की मिठाच्या बरणीला पाझर फुटतो आणि चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी चढते. अशाच एका पावसाळ्यानंतर फडताळातला जुना रोलचा कॅमेरा बाहेर निघतो. नवे सेल घालून डोळा लावावा, तर समोरचा माड स्वच्छ दिसतो. पण शटरच्या वेगाचा आकडा मोडका. १२५ मधल्या पाचाची एक रेघच गायब!

रेघ गेली कुठे? त्याआधी, ती आली कुठून?

१९७८ च्या कॅनन ए-१ मध्ये व्ह्यूफाइंडरमधले आकडे लाल एलईडींचे होते, स्वतः पेटणारे. १९८० च्या निकॉन एफ३ ने एलसीडी घेतला. एलसीडीचा आकडा ना छापलेला, ना पेटलेला. उजेड अडला म्हणून तो दिसतो. केसाहून बारीक फटीत, दोन काचांमध्ये एक विलक्षण द्रव असतो. काचांच्या बाहेर दोन्हीकडे ध्रुवणाच्या, म्हणजे एकाच दिशेचा उजेड सोडणाऱ्या, फिती एकमेकींना आडव्या लावलेल्या. द्रवातले रेणू जिन्याच्या पायऱ्यांसारखे वळत जातात, उजेडालाही वळवतात आणि तो दुसऱ्या फितीतून सुटतो. वीज दिली की तेवढ्या जागेतले रेणू ताठ उभे राहतात. उजेड वळत नाही, अडतो. तिथे काळी रेघ उमटते. अशा सात रेघांत शून्य ते नऊ सगळे आकडे बसतात.

या द्रवाचा पत्ता लागला गाजरामुळे! १८८८ मध्ये प्रागमधले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिडरिश रायनित्सर गाजरातून मिळालेल्या कोलेस्टेरॉलचे एक संयुग तापवत होते. ते १४५.५ अंशांना वितळून गढूळ झाले आणि १७८.५ अंशांना एकदम नितळ. घन आणि द्रव यांच्यामधली ही अवस्था म्हणजेच द्रवस्फटिक. ती ठरावीक तापमानापुरतीच टिकते, म्हणून मे महिन्यात तारकर्लीला बंद गाडीत राहिलेल्या कॅमेऱ्याचा डिस्प्ले सगळाच काळा पडला, तर आधी त्याला सावलीत निवू द्यावे. उष्णतेने रेणूंची वळणाची शिस्त मोडलेली असते. बहुधा ती परत येते.

कोपऱ्यातून शाईसारखा डाग पसरत असेल, तर मात्र काचांचा सांधा सुटला आहे. त्याला दुरुस्ती नाही. दुसऱ्या मोडक्या कॅमेऱ्यातला डिस्प्लेच काढून बसवावा लागतो. पण एखादी रेघ हरवली, तर द्रव बहुधा निर्दोष असतो. अनेक कॅमेऱ्यांत काचेपर्यंत वीज पोचवते ती रबराची एक पट्टी. तिच्यात वीज नेणारे आणि अडवणारे थर आलटून पालटून असतात, म्हणून कारागीर तिला ‘झेब्रा’ म्हणतात. खाऱ्या हवेतले मीठ ओल धरते. तांब्यावर हिरवा कळंक चढतो आणि एका थराचा स्पर्श सुटतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्टी आणि संपर्क हलक्या हाताने पुसले की पुष्कळदा रेघ परतते. (फ्लॅश अंगातच असलेला कॅमेरा मात्र घरी उघडू नये, त्याच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट दडलेले असू शकतात.)

अंधारात एलसीडी आंधळा असतो, म्हणून एफ३ ला चिमुकले लाल बटण आणि त्यामागे इवलासा दिवा आहे. तो गेला तर काही कारागीर एलईडी बसवतात. जुन्या दिव्याला वीज कुठूनही आली तरी चाले. एलईडी एकाच दिशेने वीज घेतो, उलटा लावला तर पेटतच नाही.

ओल जावी म्हणून तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवण्याची पद्धत सोडावी. त्याने कोंडाच आत जातो. घट्ट डबा आणि सिलिका जेल बरे. मग भर आषाढात, दिवे गेलेल्या संध्याकाळी ते लाल बटण दाबावे: इवल्या उजेडासमोर पाच पुरता उभा असतो, काळाकुट्ट, आणि म्हणूनच वाचता येणारा.