गाडीचा काळा काठ

इरकलीचा काठ विटला की धड लुगडेही जुनेर वाटू लागते. जुन्या मोटारीचेही तसेच. १९८३ साली आलेली मारुती ८०० तयार होणे २०१४ मध्ये थांबले. तरी आपल्याकडे अनेक अंगणांत ती उभी आहे. पत्रा चकाकतो, पण काळे प्लास्टिकचे बंपर उन्हाने राखाडी पडलेले असतात. तेल चोळून आणलेला काळेपणा पहिल्या पावसात उतरतो.

टिकाऊ उपाय रंगाचा. मात्र त्यात तयारीच मोठी. बंपर साबणाने धुवावा, पॉलिशचा तेलकटपणा काढावा, ६०० नंबरचा वॉटर पेपर हलका फिरवावा. प्लास्टिक रंग धरत नाही, म्हणून आधी त्याचा खास प्रायमर हवा. खिडकीच्या काळ्या चौकटी पत्र्याच्या. तेथे गंज खरवडून धातूचा प्रायमर द्यावा. रबरी पट्ट्या मात्र रंगवू नयेत; रबर वाकते, रंग तडकतो. आजूबाजूचा पत्रा कागद-टेपने झाकावा आणि तोंडाला मास्क लावून मोकळ्या हवेत रंग मारावा. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात बरे. बेळगावच्या पावसाळ्यात हे काम काढू नये. दमट हवेत रंग पांढुरका पडतो.

चकचकीत काळ्याचा मोहही टाळावा. मूळ रंग मंदच होता. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नाशी ओलांडलेल्या, मूळ रूप राखलेल्या मोटारींना ‘विंटेज’ नोंदणी मिळते. पहिल्या मारुतींची पन्नाशी २०३३ अखेरीस भरेल. तोवर घरात कुणी ‘काळा’ म्हणो, कुणी ‘कप्पु’. रंग मूळचाच राहावा.