खेळाचे वेड : मैदानातले आणि पडद्यावरचे

एक तक्रार अलीकडे पुष्कळ घरांतून ऐकू येते. मुलगा सुट्टीच्या दिवशी व्हिडिओ गेम खेळतो, हे वडील एक वेळ समजून घेतात. पण तो स्वतः न खेळता दुसऱ्याच कोणाचा तरी गेम पडद्यावर पाहत बसतो, हे मात्र त्यांच्या आकलनापलीकडचे असते. ‘दुसऱ्याचा खेळ पाहण्यात वेळ कसला दवडतोस?’ असे ते विचारतात. वास्तविक आदल्याच दिवशी वडिलांनी क्रिकेटचा सामना पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत पाहिलेला असतो आणि त्यातही खेळणारे दुसरेच असतात; पण ही गोष्ट त्यांच्या ध्यानी येत नाही. श्रोतेहो, या दोन वेडांत वस्तुतः अंतर किती आहे, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम एक उदाहरण घेऊ. दक्षिण कोरियाच्या सेऊल शहरात २००२ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेसाठी बांधलेले एक भव्य क्रीडांगण आहे. १९ ऑक्टोबर २०१४ रोजी तेथे सुमारे चाळीस हजार प्रेक्षक जमले होते. पण त्या दिवशी फुटबॉलचा सामना नव्हता. मधोमध उभारलेल्या व्यासपीठावर दहा तरुण संगणकासमोर बसले होते, आणि त्यांचा खेळ प्रचंड पडद्यांवर दिसत होता. तो ‘लीग ऑफ लेजेंड्स’ या खेळाच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना होता. पाचपाच खेळाडूंचे दोन संघ. प्रत्येकाच्या हाती एक काल्पनिक योद्धा. आणि प्रतिस्पर्ध्याचा तळ उद्ध्वस्त करणे हे उद्दिष्ट. खेळ नवा असला, तरी घोषणा, फलक, आवडत्या संघाचे सदरे आणि पराभवानंतरची उदास शांतता यांत नवे असे काहीच नव्हते.

या चाहत्यांची निष्ठा तरी पाहा. ‘फेकर’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या ली सांग-ह्योक या कोरियन खेळाडूने २०१३, २०१५ आणि २०१६ साली जागतिक विजेतेपद मिळवले. २०१७ साली बीजिंगमध्ये तो अंतिम सामना हरला, तेव्हा तो जागच्या जागी मान खाली घालून रडला. पुढचे विजेतेपद मिळण्यास २०२३ साल उजाडावे लागले. त्यानंतर २०२४ आणि २०२५ सालीही तो जिंकला. मधल्या पडत्या काळात त्याच्या चाहत्यांनी त्याची साथ सोडली नाही. संघ हरत असताना जो टिकतो तोच खरा चाहता, ही जुनी कसोटी येथेही लागू पडते.

या निष्ठेच्या मुळाशी काय असावे? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सियाल्डिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेले एक संशोधन या बाबतीत उद्‌बोधक आहे. विद्यापीठाचा फुटबॉल संघ शनिवारी जिंकला, की सोमवारी विद्यापीठाचे नाव वा चिन्ह असलेले कपडे घालून वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण वाढते, असे त्यांना आढळले. शिवाय विजयाविषयी बोलताना विद्यार्थी ‘आपण जिंकलो’ असे अधिक म्हणत, आणि पराभवाच्या वेळी ‘ते हरले’ अशी भाषा वापरू लागत. चेंडूला स्पर्शही न करता माणूस विजयात भागीदार होतो, तो या एका ‘आपण’ शब्दाच्या बळावर. हा ‘आपण’ जसा क्रिकेटच्या चाहत्याच्या ओठांवर असतो, तसाच व्हिडिओ गेमच्या चाहत्याच्याही असतो.

दुसरे साम्य जाणकारीचे. १९४३-४४ च्या हंगामातील पंचरंगी सामन्यांच्या अंतिम लढतीत विजय हजारे यांनी आपल्या संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्याने काढल्या. हा आकडा बिनचूक सांगणारे रसिक आजही भेटतात. व्हिडिओ गेमचा चाहताही असाच. कोणत्या योद्ध्याची कोणती शक्ती किती क्षणांनी पुन्हा वापरता येते, हे त्याला मुखोद्गत असते. अजाण माणसाला पडद्यावर केवळ लखलखाट दिसतो. जाणत्याला त्यात डाव, हूल आणि धाडस दिसते. बाळ ज. पंडित यांच्या मराठी धावत्या समालोचनाने ज्याप्रमाणे दूर बसलेल्या श्रोत्याला सामना दाखवला आणि समजावलाही, त्याचप्रमाणे आज या खेळांचे समालोचकही आपला श्रोतृवर्ग घडवीत आहेत. रसिकता ही जन्मजात नसते. ती शिकावी लागते, आणि जाणकारांच्या सहवासात ती लवकर शिकता येते.

परंतु ‘आपण’ म्हटले की ‘ते’ आलेच, आणि येथून दोषांना आरंभ होतो. इ. स. ५३२ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे रथांच्या शर्यतींतील निळ्या व हिरव्या पक्षांच्या चाहत्यांच्या दंगलीतून बंड पेटले. त्यात तीस हजारांहून अधिक माणसे मारली गेली, असे समकालीन इतिहासकार प्रोकोपियस लिहून ठेवतो. आपल्याकडेही कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर १६ ऑगस्ट १९८० रोजी फुटबॉलच्या सामन्यात झालेल्या हाणामारीत व चेंगराचेंगरीत सोळा प्रेक्षकांचा बळी गेला. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत तर संघच धर्मावर आधारलेले होते. महात्मा गांधींनी १९४० साली त्यांविषयी नापसंती व्यक्त केली आणि १९४६ नंतर ते बंद पडले. व्हिडिओ गेमच्या जगात हाणामारी सहसा होत नाही, पण जीभ मोकाट सुटते. २०१४ साली या क्षेत्रातील काही स्त्रियांना अश्लील शिव्या व जिवे मारण्याच्या धमक्या सहन कराव्या लागल्या. सामने विकण्याचे पापही दोन्हीकडे सारखेच: क्रिकेटमध्ये ते २००० साली उघडकीस आले, कोरियातील संगणकीय खेळांत २०१० साली. तेव्हा दोष चेंडूचा नाही आणि पडद्याचाही नाही. तो माणसाचा आहे.

साम्य इतके असले, तरी दोन भेद विसरून चालणार नाही. पहिला मालकीचा. क्रिकेटसाठी कोणाची परवानगी लागत नाही. फळकुटाची बॅट करून, भिंतीवर कोळशाने यष्ट्या ओढून मुले गल्लीत आपल्या नियमांनी खेळतात. व्हिडिओ गेम मात्र एखाद्या कंपनीच्या मालकीचा असतो. ती नियम बदलू शकते, आणि शासनही त्याचे दार बंद करू शकते. भारतात ‘पब्जी मोबाइल’वर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, त्याची भारतीय आवृत्ती जुलै २०२२ मध्ये थांबवली गेली व मे २०२३ मध्ये परत आली. मधल्या काळात तिच्या चाहत्यांजवळ खेळायला गल्लीही नव्हती.

दुसरा भेद वेळेचा. मैदानावर अंधार पडला की मुले घरी परततात. पडद्यावर अंधार पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या खेळांच्या अनावर आसक्तीचा समावेश केला असून ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून अमलात आले आहे. मात्र ही संज्ञा ताबा सुटलेल्यांसाठी आहे, आवडीने खेळणाऱ्या प्रत्येकासाठी नव्हे.

याच ठिकाणी आणखी एक विवेक आवश्यक आहे. विरंगुळ्याचा खेळ, नियमबद्ध स्पर्धा आणि पैसे लावून खेळणे या तीन गोष्टी भिन्न आहेत. पण घरातल्या वादात त्यांची सरमिसळ होते. डिसेंबर २०२२ मध्ये भारत सरकारने ई-स्पोर्ट्सना क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणले. २०२३ साली हांगझौ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत त्यांना पदकांचा दर्जा होता. आणि २०२५ च्या कायद्याने ई-स्पोर्ट्सना मान्यता देत असतानाच पैशांच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. कायद्याने जी रेषा आखली, ती पालकांनीही मनात आखून घ्यावी. मुलगा कोणता खेळ पाहतो यापेक्षा तो वेळेवर झोपतो का, पैसे लावतो का, आणि हरल्यावर प्रतिपक्षाविषयी कोणत्या भाषेत बोलतो, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

ते पाहावयाचे, तर त्याच्या शेजारी बसावे लागेल. ‘यात तुझा संघ कोणता?’ एवढे विचारून पाहावे. उत्तर बहुधा लांबलचक येईल आणि त्यातले अर्धे शब्द अपरिचित असतील. पण त्यातला उत्साह मात्र ओळखीचा वाटेल, कारण तो आपल्याच घरातला आहे.