दगडात जपलेले लाकूड

पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, लोणावळ्याच्या अलीकडे, मळवली नावाचे एक लहानसे स्थानक लागते. त्याच्या दक्षिणेकडील डोंगरात भाजे येथील लेणी आहेत आणि उत्तरेकडील डोंगरात कार्ले येथील. कार्ल्याच्या डोंगरावर चैत्र महिन्यात कोकणपट्टीतील कोळी बांधवांची एकवीरा देवीच्या दर्शनासाठी दाटी होते. देवीचे मंदिर लेण्याच्या अगदी दाराशीच आहे. त्यामुळे दर्शन आटोपलेली माणसे सहजच लेण्यात डोकावतात, मान वर करून छताकडे पाहतात, ‘केवढे हे काम!’ असे उद्गार काढतात आणि पायऱ्या उतरू लागतात. त्यांनी छत पाहिले, हे खरे. परंतु ते वाचले मात्र नाही. पुस्तक जसे वाचावे लागते तशीच जुनी वास्तूही वाचावी लागते. तिचीही एक लिपी असते.

कार्ल्याचे मुख्य लेणे हे चैत्यगृह होय. चैत्यगृह म्हणजे बौद्ध उपासकांनी एकत्र जमून स्तूपाची पूजा करावी यासाठी केलेले दालन. हे दालन सुमारे 124 फूट लांब, 45 फूट रुंद आणि 46 फूट उंच आहे. एवढी मोठी जागा अखंड कातळ पोखरून काढलेली आहे. तिला कोठेही सांधा नाही, चुन्याचा लेप नाही, की एक वीटही नाही. दोन्ही बाजूंस पंधरा पंधरा खांबांच्या रांगा आहेत आणि शेवटच्या अर्धवर्तुळात, स्तूपाच्या मागे, आणखी सात साधे खांब आहेत. रांगांतील खांब अठपैलू आहेत. प्रत्येकाच्या तळाशी घट, माथ्यावर उमलून खाली झुकलेल्या कमळासारखा आकार आणि त्याच्याही वर गुडघे टेकून बसलेले हत्ती व त्यांवर आरूढ झालेली स्त्रीपुरुषांची जोडपी, असा हा थाट आहे. दर्शनी भिंतीत घोड्याच्या नालेच्या आकाराचे एक विशाल गवाक्ष आहे. त्यातून येणारा प्रकाश नेमका स्तूपावर पडतो आणि बाजूच्या वाटा मंद अंधारात राहतात. हे लेणे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचे असावे, असे अभ्यासक मानतात.

आता छताकडे पाहावे. ते कमानीसारखे गोलाकार आहे आणि त्याला आतून ओळीने वक्र फासळ्या बसविलेल्या आहेत. या फासळ्या दगडाच्या नाहीत, सागवानी लाकडाच्या आहेत. स्तूपाच्या शिरावरील छत्रही लाकडाचेच आहे. सुमारे दोन हजार पावसाळे बाहेरच्या डोंगरावर कोसळले, पण आतले हे लाकूड टिकून राहिले.

येथे चौकस मनुष्याला एक प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. घराच्या छपराला वासे लागतात, कारण वासे नसतील तर छप्पर खाली येईल. परंतु या लेण्याचे छप्पर म्हणजे प्रत्यक्ष डोंगर! त्याला लाकडाच्या फासळ्यांचा आधार कशाला? या फासळ्या तसूभरही भार पेलीत नाहीत. आज त्या सर्व काढून घेतल्या तरी छत जागचे हलणार नाही. मग ज्या कारागिरांनी कातळासारखा कठीण पदार्थ लोण्यासारखा कापला, त्यांनी जंगलातून सागाची खोडे तोडून, ती वाकवून, डोंगरावर चढवून येथे बसविण्याचा खटाटोप का केला?

या प्रश्नाचे उत्तर समोरच्या डोंगरात, भाज्याच्या चैत्यगृहात सापडते. ते कार्ल्याहून लहान आणि वयाने वडील आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाइतके जुने मानले जाते. तेथील खांब अगदी साधे आहेत, पण ते सरळ उभे नाहीत. सर्वच्या सर्व किंचित आत झुकलेले आहेत. दगडाच्या खांबाला झुकण्याचे काही कारण नाही. लाकडी मेढीला मात्र आहे. मोठ्या छपराचा भार मेढींना बाहेरच्या अंगास रेटीत असतो. तो रेटा सहन व्हावा म्हणून सुतार मेढी आत कलत्या रोवीत असे. भाज्याच्या लेण्याला पुढची भिंत नाही. तेथे लाकडी पडदी उभी होती आणि तिची कुसे बसविण्यासाठी खडकात पाडलेली भोके आजही दिसतात. तेथील छतालाही लाकडी कमानी आहेत आणि त्यांतील काहींवर ब्राह्मी लिपीतील अक्षरेदेखील आढळली आहेत.

उलगडा असा की, हे कारागीर दगडाचे काम करीत होते, पण त्यांच्या डोळ्यांसमोर लाकडाची इमारत होती. त्या काळी आपल्या देशातील बहुतेक सर्व मोठ्या वास्तू लाकडाच्या असत. पाटलिपुत्र नगराला लाकडी तट होता, त्याला 64 दरवाजे आणि 570 बुरूज होते, असे मेगॅस्थिनीस या ग्रीक वकिलाने नमूद केले आहे. आणि पाटण्याजवळ झालेल्या उत्खननात अशा तटाचे जाड ओंडके खरोखरच मिळाले. राजस्थानातील बैराट येथे विटा आणि लाकडी खांब यांच्या एका वर्तुळाकार चैत्यगृहाचा पाया सापडला आहे. परंतु असे अवशेष फारच थोडे. लाकडाला वाळवी लागते, आग लागते, पाऊस लागतो. सम्राट अशोकाच्या काळापासून बिहारमधील बराबरच्या टेकड्यांत खडक कोरण्यास प्रारंभ झाला, तेव्हा तेथील लोमश ऋषी गुहेच्या दारावरही कोरक्यांनी लाकडी झोपडीची कमान आणि वाशांची टोके हुबेहूब कोरली. दगड नवा होता, हात मात्र सुताराच्या कामाला सरावलेला होता. उपासकांनाही पूजेची जागा म्हटली म्हणजे ती फासळ्यांच्या छपराचीच असावी, असे वाटत असणार.

म्हणून कार्ले आणि भाजे यांचे मोल दुहेरी आहे. ही लेणी स्वतः जुनी आहेतच. शिवाय जी लाकडी सभागृहे शेकडोंनी उभी होती आणि राख-माती होऊन गेली, त्यांचे रूप कसे होते हे सांगणारे साक्षीदार आज बहुतांशी हे दगडच आहेत.

पुढे ही सवय हळूहळू सुटत गेली. अजिंठ्याच्या नवव्या आणि दहाव्या क्रमांकाच्या जुन्या लेण्यांत लाकडी फासळ्या नाहीशा झाल्या असून त्यांच्या खाचा तेवढ्या उरल्या आहेत. तेथीलच एकोणिसाव्या लेण्यात, म्हणजे पाचव्या शतकात, फासळ्या दगडातच कोरलेल्या आढळतात. वेरूळचे दहाव्या क्रमांकाचे लेणे त्याहूनही अलीकडचे. त्याच्याही छतावर दगडी फासळ्या आहेत आणि त्या इतक्या हुबेहूब लाकडासारख्या दिसतात की, आसपासच्या लोकांनी त्या लेण्याला ‘सुताराची झोपडी’ असे नाव देऊन टाकले. ज्यांना शिल्पशास्त्राचा गंधही नव्हता अशा खेडुतांनी पंडितांच्या आधी मर्म ओळखले, असेच म्हणावे लागेल.

हे काम कसे करीत असत, तेही लेणीच सांगतात. मात्र त्यासाठी पुऱ्या झालेल्या लेण्यांपेक्षा अर्धवट राहिलेली लेणी पाहावीत. अजिंठ्याच्या चोविसाव्या लेण्यात काही खांब घडवून झालेले आहेत, तर काही अजून ओबडधोबड ठोकळ्यांच्या रूपात उभे आहेत. अशा ठिकाणांवरून दिसते की, काम वरून खाली उतरत येई. प्रथम छत पुरे करावयाचे, मग खांबांचे माथे, मग मधला भाग आणि सर्वांत शेवटी जमीन. त्यामुळे उंच पराती बांधाव्या लागत नसत. ज्या खडकावर उभे राहून काम करावयाचे तोच खडक पुढे छिन्नीने खाली उतरत जाई. सह्याद्रीचा हा काळा कातळ म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी थरावर थर साचून थिजलेला लाव्हारस होय. त्यात कोरीव काम उत्तम साधते, पण एकदा उडालेला टवका पुन्हा बसविता येत नाही. इमारत बांधणाऱ्याला चुकलेली भिंत पाडून नवी उभारता येते. लेणे कोरणाऱ्याला ती सवलत नव्हती.

ही लेणी कोणी केली? पुष्कळ काळपर्यंत लोक सांगत, ‘पांडवांनी एका रात्रीत केली.’ नाशिकच्या लेण्यांना तर अजूनही पांडवलेणी असेच म्हणतात. भिंतींवर आणि खांबांवर अक्षरे कोरलेली होती, पण ती वाचणारा कोणी उरला नव्हता. 1837 साली जेम्स प्रिन्सेप या विद्वानाने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला आणि मुके दगड बोलू लागले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या अभ्यासकांनी पश्चिम भारतातील लेणी पायी हिंडून, त्यांतील लेख उतरवून घेऊन वाचले.

आणि त्या लेखांत काय निघाले? पांडव निघाले नाहीत. राजे निघाले, पण थोडे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने कार्ल्याच्या भिक्षूंना एक गाव दान दिल्याचा लेख तेथे आहे. दारापुढे डाव्या हातास सोळा पैलूंचा जो सिंहस्तंभ उभा आहे, तो अग्निमित्रणक नावाच्या महारठीने दिलेला आहे. दूर कर्नाटकातील वैजयंती नगरीचा श्रेष्ठी भूतपाल याने हे शैलगृह पुरे करविले. त्याच्या लेखात या लेण्याला अवघ्या जंबुद्वीपात उत्तम असे म्हटले आहे. दात्याने आपल्या दानाची थोरवी अशी मोकळेपणाने गावी, याचे कोणाला हसू येईल. परंतु लेण्यात उभे राहिल्यावर त्या शेठजीशी वाद घालावासा वाटत नाही.

बाकीचे बहुतेक दाते सामान्य जन आहेत. एक खांब सोपाऱ्याच्या भिक्षूने दिला. अनेक खांब यवनांनी, म्हणजे ग्रीक वंशाच्या अथवा पश्चिमेकडून आलेल्या व्यापाऱ्यांनी दिले. दाराची देणगी सिंहदत्त नावाच्या गंध्याने, म्हणजे अत्तरे व सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने दिली. आणि त्या दाराचे काम ज्याने केले त्याचेही नाव तेथे कोरलेले आहे: वेणुवासाचा पुत्र सामी. त्याच्या नावाला जोडलेला धंदा वाचला म्हणजे छतावरच्या त्या फासळ्या पुन्हा आठवतात. तो पाथरवट नव्हता, सुतार होता.

डोंगरातील निर्जन लेण्यात व्यापारी कोठून आले, याचाही शोध अभ्यासकांनी घेतला. बौद्ध धर्माचे थोर पंडित धर्मानंद कोसंबी यांचे पुत्र दामोदर कोसंबी हे व्यवसायाने गणिती. पण या डोंगरांतून ते पायी पुष्कळ हिंडले. नकाशावर लेण्यांच्या जागा मांडल्या तर त्या वाटेल तेथे विखुरलेल्या नसून घाटवाटांच्या मुखाशी आहेत, हे ध्यानात येते. कल्याण व सोपारा या बंदरांतून निघालेला माल बोरघाटाने वर चढला की, कार्ले, भाजे आणि बेडसे ही लेणी जवळच लागतात. घाटाच्या पायथ्याशी कोंडाणे आहे. जुन्नरची लेणी नाणेघाटाच्या वाटेवर आहेत. तांड्यांना विसाव्याला जागा मिळे, भिक्षूंना भिक्षा आणि दान मिळे. तेव्हा कार्ल्याचा एक एक खांब म्हणजे त्या काळच्या व्यापाराच्या वहीतील एक एक पानच म्हणावयाचे. राजांच्या बखरीत गंध्याला आणि सुताराला क्वचितच जागा मिळते. येथे ती मिळाली आहे.

एकाच वास्तूवर अनेक काळांचे हात फिरलेले असतात, तेही कार्ल्यात दिसते. लेणे कोरले गेले तेव्हा बुद्धाची मूर्ती करण्याची चाल येथे नव्हती. स्तूप हेच पूजेचे स्थान होते. काही शतकांनी मूर्तिपूजा रूढ झाली, तेव्हा दर्शनी भिंतीवर मूळच्या दांपत्यांच्या शेजारी मिळेल त्या जागेत बुद्धमूर्ती कोरण्यात आल्या. मूळची रचना त्यामुळे थोडी विस्कटली, हे खरे. तरीही त्या मूर्तींच्या योगाने लेण्याचा पुढचा इतिहास कळतो. भिक्षू गेले, वाट राहिली, आणि दाराशी एकवीरेची घंटा वाजू लागली.

आज या लेण्यांचे जतन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आहे. पाऊस, झिरपणारे पाणी आणि वारा यांच्याशी त्याला झगडावे लागतेच. माणसांशी अधिक झगडावे लागते. राज्यातील किती तरी लेण्यांच्या भिंतींवर येणाऱ्यांनी खिळ्याने आपली नावे ओरखडलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांनीही नावे कोरली, असे कोणी म्हणेल. पण त्यांनी आधी खांब दिला होता. ब्राह्मीचे अक्षर बोटाच्या पेराएवढे असते. त्यावरून एक ओरखडा गेला की, एक काना, एक मात्रा आणि कधी एखाद्या गावाचे नावच कायमचे पुसले जाते.

गावांच्या नावांचे महत्त्व किती, याचे उदाहरणही येथलेच आहे. कार्ल्याच्या लेखांतून धेनुकाकट हे नाव पुन्हा पुन्हा येते. यवन दाते तेथले, सिंहदत्त गंधी तेथला, सामी सुतारही तेथलाच. एवढी माणसे ज्या गावाने पुरविली ते मोठे असले पाहिजे. कोसंबींच्या मते ते लेण्याच्या परिसरातच असावे. दुसरे कोणी ते समुद्रकाठी शोधतात, तर कोणी दूर आंध्र प्रदेशात. निर्णय अद्याप झालेला नाही. सामीने घडविलेल्या दारातून रोज शेकडो माणसे आत जातात. त्याचे घर मात्र अजून सापडावयाचे आहे.