औषधालयाचे अॅप आणि रिकामी तारीख

औषधालयातील साठा वहीत नोंदविण्याची पद्धत आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. आमच्याकडेही अनेक वर्षे तीच होती. कोणते चूर्ण केव्हा केले, किती उरले आणि केव्हा काढून टाकावयाचे, हे पाहण्यासाठी पाने उलटावी लागत. म्हणून या कामापुरते छोटेसे मोबाइल अॅप आपणच तयार करावे, असे आम्ही ठरविले. बी.ए.एम.एस.च्या अभ्यासक्रमात आम्ही प्रोग्रॅमिंग शिकलो नव्हतो; तेव्हा चाळिशी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थी होणे ओघाने आलेच.

साधन म्हणून आम्ही 'फ्लटर' ही गूगलची फ्रेमवर्क निवडली. तिची पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. तिची भाषा 'डार्ट'. एकदा लिहिलेला प्रोग्रॅम अँड्रॉइड व आयफोन या दोहोंसाठी वापरता येतो. पडद्यावरील अक्षरे, बटणे, याद्या, एवढेच नव्हे तर मधली मोकळी जागाही 'विजेट' म्हणूनच लिहिली जाते. 'हॉट रीलोड'मुळे केलेला बदल चालू अॅपमध्ये लगेच दिसतो. रात्री रुग्ण संपल्यावर तासभर अभ्यासास बसणाऱ्यास याचा मोठा आधार वाटतो.

खरी परीक्षा औषधांच्या कालमर्यादेपाशी झाली. शार्ङ्गधरसंहितेनुसार चूर्ण दोन महिन्यांनी, तर गुटिका व अवलेह एका वर्षाने हीनवीर्य होतात. आसव, धातू व रस मात्र जुने झाले असता गुणवान ठरतात. विकत घेतलेल्या औषधास वेष्टनावरील मुदत प्रमाण मानून, स्वतः केलेल्या कल्पांसाठी आम्ही हा नियम अॅपमध्ये घातला. मग कुमार्यासवाची अंतिम तारीख कोणती लिहावयाची?

डार्टमध्ये मार्च २०२१ च्या २.१२ या आवृत्तीपासून 'नल सेफ्टी' आली. एखादी तारीख रिकामी राहू शकत असेल, तर तिच्या प्रकारापुढे प्रश्नचिन्ह लावून तसे आधीच सांगावे लागते, आणि ती वापरताना रिकामेपणाचा विचार करावा लागतो. आम्हास ही कटकट वाटली. उद्गारचिन्ह लिहून 'येथे तारीख आहेच' असे आम्ही ठासून सांगितले. कुमार्यासवाची नोंद उघडताच पडदा लाल झाला! त्यावर आम्ही अधिक मोठी चूक केली. तारीख नसेल तेथे सरळ २०९९ साल घातले. लाल पडदा गेला आणि आम्ही निश्चिंत झालो.

ऐन पावसाळ्यात सितोपलादी चूर्णाच्या एका बरणीची तारीख नोंदवावयाची राहून गेली. अॅपने ती २०९९ पर्यंत उत्तम ठरविली. पुड्या बांधताना सहायकाला गुठळ्या दिसल्या, वासही बदललेला जाणवला. त्याने विचारले, "डॉक्टर, हे चूर्ण कधीचं आहे?" अॅपमध्ये उत्तर नव्हते, सुदैवाने वहीत होते. चूर्ण पाच महिन्यांपूर्वीचे होते आणि पुड्या एका लहान मुलासाठी होत्या.

त्या रात्री आमच्या ध्यानी आले की 'मर्यादा नाही' आणि 'माहीत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आम्ही एकाच रकान्यात कोंबल्या होत्या. रुग्णपत्रिकेत 'ज्वर नाही' लिहिणे आणि ज्वराची जागा कोरी सोडणे यांत आपण भेद करतोच ना? आता प्रत्येक कल्पास 'तारीख आहे', 'मर्यादा नाही' आणि 'तपासावे' यांपैकी एक स्थिती द्यावीच लागते. 'तपासावे' असलेली बरणी यादीत सर्वांत वर लाल अक्षरांत येते.

असे काही करू इच्छिणाऱ्या व्यवसायबंधूंना आमची विनंती एवढीच : अॅपवर पूर्ण विश्वास बसेपर्यंत वही बंद करू नये, नोंदींची प्रत अन्यत्र ठेवावी, आणि प्रोग्रॅमने दाखविलेली चूक झाकण्यापूर्वी तिचा हेतू शोधावा. लक्षण दाबले म्हणून व्याधी जात नाही, हे आपणास निराळे सांगावयास नको.